फिजिक्सचा पेपर

पळसबोडी, ता. सिंदेवाही
९ मार्च

चि. चंचल हिस,
सप्रेम जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, तू फोनवर "हो" आणि "नाही" एवढेच बोलतेस व फोन आशाच्या हाती देतेस. म्हणून काही गोष्टी लिहून कळविणे योग्य वाटले. इकडे सर्व कुशल आहे. तुझी आई पहाटे मोहफुले वेचण्यास जाते. यंदा वाघामुळे बाया दहा-बाराजणी मिळून जातात, तरी काळजी नसावी.

शेवटचा पेपर झाल्यावर तू घरी न सांगता मुलचेऱ्यास आशा आत्याकडे निघून गेलीस, याचे आम्हास वाईट वाटले. असो. तेवढीच हवापालट. फिजिक्सच्या पेपरला जे घडले ते घडले. भरारी पथकास तुझ्या बाकाखाली चिठ्ठी सापडली. यात दोष कोणाचा, हे आता उकरून काढण्यात अर्थ नाही. मंडळाकडून सुनावणीचे पत्र येईल. तेथे तू एवढेच सांगावे की, चिठ्ठी आधीपासून खाली पडलेली होती व ती कोणाची हे तुला ठाऊक नाही. जास्त बोलू नये. प्राचार्य साहेबांचेही तसेच मत आहे.

तुझ्या आईने त्या दिवशी रागाच्या भरात हात उचलला, तेही मनात ठेवू नये. आईचा जीव असतो.

आशा म्हणाली की तू नीट जेवत नाहीस. प्रकृतीस जपावे.

तुझे वडील,
गुणवंत बापूराव उंदिरवाडे


२० मार्च

पोरी,

तुहं उत्तर भेटलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. "बाबा, तुमचा अर्ज मिळाला."

आधी मले राग आला. मंग माहंच पत्र आठवून पाह्यलं, अन् तुहं बरोबर आहे. बावीस वर्षं कॉलेजात शिपाई आहो. लोकायचे अर्ज इकडच्या टेबलावरून तिकडच्या टेबलावर नेता नेता मले दुसरं काही लिहिता येईनासं झालं. आज घरच्या बोलीत लिहून राह्यलो. शुद्धलेखन पाहू नोको.

चिठ्ठी मी टाकली होती.

तुले माहीत आहे. तुले माहीत आहे हे मलेही माहीत आहे. पण आतापर्यंत मी हे कोणाजवळ बोललो नाई, अन् कागदावर तर आज पहिल्यांदा लिहून राह्यलो. लिहून झाल्यावर पेन खाली ठेवला अन् अंगणात एक चक्कर मारून आलो.

सराव परीक्षेत तुले फिजिक्समध्ये सत्तरपैकी बावीस पडले होते. प्रवीण सरायले चहा देत होतो तवा ते म्हणाले, "गुणवंतभाऊ, पोरगी बाकी विषयात चांगली आहे, पण फिजिक्समध्ये लटकते बरं." त्या दिवसापासून माह्या डोक्यात बावीसच बसले. तू त्यानंतर दोन महिने रोज कॉलेज सुटल्यावर त्यायच्या घरी जाऊन बसली. गणितं सोडवून सोडवून तुही वही फुगली होती. मी ते सारं पाह्यलं. पण मले दिसाचे ते बावीसच. तुले कृषी कॉलेजात जायचं होतं. सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात शाळेची सहल गेली होती तवापासून तू तेच म्हणून राह्यली. मले वाटलं, एका विषयापायी पोरीचं सारं जाईल.

चिठ्ठ्या माह्यापाशी नेहमीच असत. हेही तुले सांगाले पाहिजे. पाणी वाटणारा माणूस कोणत्याही खोलीत जाऊ शकते, म्हणून दरवर्षी कोणी ना कोणी येऊन म्हणत, "गुणवंतभाऊ, आपल्या पोरीले एवढं पोचवून द्या." मी पोचवत होतो. मंग ते लोक मले बाजारात थांबवून चहा पाजत, पाठीवर हात ठेवत. मले वाटत होतं, गावात आपल्याले मान आहे.

तुह्या वेळी कोणी सांगतलं नव्हतं. ते मी माह्या मनानं केलं. तुले ग्लास देताना चिठ्ठी पायापाशी सोडली अन् हळूच म्हटलं, "खाली पाह्य." तू खाली पाह्यलं नाई. मान हालवून "नाई" म्हटलं अन् लिहत राह्यली. तवाच मी वाकून ती उचलली असती तर काहीच झालं नसतं. मागच्या बाकावरच्या पोरीनं पाणी मागतलं अन् मी पुढे गेलो. म्हटलं, असू दे, लागली तर घेईल.

पथकाच्या मॅडम आल्या तवा मी खाली पाणी भराले गेलो होतो. नाईतर तिथल्या तिथी सांगतलं असतं.

तुहा बाप


३ एप्रिल

चंचल,

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं आहे. तुले वाचतानाच कळलं असेल. पंधरा दिवस झाले, तू ना उत्तर देल्लं ना काही.

मी दारातच होतो. पाण्याचा जग हातात होता. मॅडमनं चिठ्ठी उचलून विचारलं, "ही कोणाची?" तू म्हटलं, "माझी नाही." "तुझ्या पायाशी आहे अन् तुझी नाही? मग कोणाची?" तवा तू मान वर करून माह्याकडे पाह्यलं. रागानं नाई. बाबा आता सांगतील, असं वाट पाहून राह्यली होती. मी जगात पाह्यलं. जग अर्धा भरलेला होता, तरी मी पाणी भराले म्हणून खाली निघून गेलो.

नळापाशी उभा राह्यलो तवा वाटलं, तू नाव घेशील. घेतलं असतं तर मले सोपं गेलं असतं, खरं सांगतो. तू नाव घेतलं नाई. पहिली उत्तरपत्रिका त्यायनं जप्त केली, दुसरी देल्ली, अन् तू ती लिहाले घेतली. मंग केमिस्ट्री, मंग बायोलॉजी. रोज त्याच दारातून आत गेली. पोरीबारी तुह्याकडे पाहून कुजबुजत होत्या अन् मी घंटा वाजवत होतो.

त्या दिवशी घरी तुह्या आईनं तुले मारलं. "आमच्या घरात आजपर्यंत असं कोणी केलं नाई," म्हणत होती अन् मारत होती. तुहा गाल लाल झाला. मी जेवत होतो. ताटातून उठलो नाई. तू तवाही माह्याकडे पाह्यलं, पण आता वाट पाहत नव्हती. नुसतं पाहून घेतलं.

अजून एक आहे, ते तुले माहीत नाई.

निरोप समारंभात तू स्टेजवर बोलली होती. "माझे बाबा याच कॉलेजात घंटा वाजवतात. दिवसभर लोकांच्या धानाच्या बांधीत रोवणीचं काम करून ते स्वतःच्या बळावर बारावी पास झाले. मी त्यांच्याकडून शिकले." पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी मागं खुर्च्यायपाशी उभा राहून डोळे पुसत होतो. तुले वाटलं असेल, बाबाले भरून आलं.

पोरी, मी स्वतःच्या बळावर पास झालो नाई. रोवणी केली हे खरं आहे. पण अभ्यास होत नव्हता म्हणून पेपरात लटारूभाऊ खिडकीतून चिठ्ठ्या देत होता. तवा कॉलेजात तोच शिपाई होता. इंग्रजी, फिजिक्स, सारं तसंच. पास झालो, गावात पेढे वाटले, अन् पुढे सांगता सांगता माहं मलेच खरं वाटाले लागलं. तुले लहानपणापासून तेच सांगतलं. तू अभ्यासाले कंटाळली की तेच सांगत होतो.

म्हणून तुह्यावर माहा भरवसा नव्हता. आता समजते. मले वाटत होतं, साऱ्यायले असंच पास व्हावं लागते.

काल तुह्या आईले सांगतलं. ती मोहफुलं वाळू घालून राह्यली होती. ऐकलं अन् हात थांबला. म्हणाली, "मंग मी लेकराले मारलं ते कोणासाठी?" मी खाली सांडलेली फुलं गोळा कराले लागलो. ती पुन्हा म्हणाली, "अहो, मी इचारून राह्यली, कोणासाठी?" तवापासून ती माह्याशी बोलत नाई. जेवाले वाढते, ताट समोर ठेवते अन् दुसरीकडे तोंड करून बसते.

सुनावणीचं पत्र आलं. सोळा एप्रिल, नागपूर. प्राचार्य साहेबायनं मले खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाले, "गुणवंत, तू तोंड उघडू नको. पोरगी पुढच्या वर्षी पुन्हा बसेल, वय आहे तिचं. तुझी नोकरी गेली तर परत येणार नाही. कॉलेजचंही नाव आहे." मी "हो साहेब" म्हटलं.

हो म्हटलं, हेही तुले सांगून ठेवतो.

बाबा


१७ एप्रिल

चंचल,

काल तू अन् आशा बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. मी तुमच्या आधी आत गेलो, हे तू पाह्यलं. आत काय झालं ते तुले कोणी सांगणार नाई, म्हणून लिहून राह्यलो.

सकाळी सिंदेवाहीहून निघालो तवाही पक्कं नव्हतं. नागभीडपर्यंत वाटत होतं, साहेब म्हणतात तसंच करावं. बसमध्ये शेजारी एक बाई होती. तिच्या पोराची बारावी झाली होती अन् ती मले पेढा देऊन राह्यली होती, निकालाच्या आधीच. म्हणे, "पास होणारच आहे, मेहनत केली त्यानं." माय होती बिचारी. पोराचा निकाल लागला नव्हता तरी तिले भरवसा होता. मी पेढा हातात धरून बसलो, खाल्ला नाई.

दारावरच्या बाबूले म्हटलं, मले आधी जाऊ द्या. आत टेबलाच्या पलीकडे तिघं बसले होते. मधल्या मॅडम म्हणाल्या, "सुनावणी विद्यार्थिनीची आहे. तुम्ही कोण?"

"चिठ्ठी टाकणारा," मी म्हटलं. तेच आधी तोंडातून निघालं. बाप आहो, हे त्यायनं विचारल्यावर सांगतलं.

सारं सांगतलं. पाण्याचा ग्लास, "खाली पाह्य", तू मान हालवली ते, मी दारात होतो ते. त्या लिहून घेत होत्या. मंग पेन थांबवून म्हणाल्या, "ही फेब्रुवारीतली गोष्ट. आज सोळा एप्रिल. इतके दिवस कुठे होता?"

मी म्हटलं, "घरीच होतो, मॅडम."

त्यायनं तेही लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. बाजूच्या साहेबायनं सांगतलं की याच्यानं माह्यावर कारवाई होईल, निलंबन होईल, गुन्हाही दाखल होऊ शकते. समजते का म्हणून विचारलं. समजते म्हटलं. मंग कोरा कागद देऊन म्हणाले, लेखी द्या. मी सवयीनं वर "विषय" असं लिहिलं अन् अडकलो. मंग लिहिलं, "माझ्या मुलीने कॉपी केली नाही." खालचं लिहाले अर्धा तास लागला. दुसऱ्या मुलांच्या चिठ्ठ्यायचंही लिहिलं. कोणाच्या पोरायची नावं देल्ली नाई, माहंच देल्लं.

मंग तुले बोलावलं. दार पूर्ण लागलं नव्हतं अन् मी बाहेर भिंतीपाशी उभा होतो. ऐकाले नव्हतं पाहिजे, पण ऐकलं.

मॅडम म्हणाल्या, "चिठ्ठी वडिलांनी टाकली, हे तुला त्याच वेळी माहीत होतं?"

"हो."

"मग तू सांगितलं का नाही? तुझं वर्ष गेलं असतं, बेटा."

तू मंग म्हणाली, "ते त्यांनी सांगायचं होतं."

तुह्या आवाजात रडू नव्हतं. प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं तू ते सांगतलं. मी भिंतीले टेकून खाली बसलो. तिथला चौकीदार "काका, पाणी पाहिजे का" म्हणाले लागला. मी नोको म्हटलं.

तू बाहेर आली अन् माह्या समोरून गेली. पाह्यलं नाई. आशा मागं थांबून म्हणाली, "दादा, आमची बस आहे," अन् तीही गेली. मी तुमच्या मागं आलो नाई. तुह्याजवळ येऊन काही म्हणावं, एवढं माहं तोंड राह्यलं नव्हतं.

बाबा


२४ मे

चंचल,

साऱ्यायचा निकाल लागून गेला तवा तुहा राखून ठेवला होता. तुह्या आईनं तीन दिवस चूल नीट पेटवली नाई. काल प्रवीण सर स्वतः सायकलवर घरी आले. दारातूनच ओरडले, "वहिनी, चंचलचा निकाल आला! मंडळानं तिले निर्दोष ठरवलं!" तुले त्यायनं फोन केलाच होता, पण त्यायले आमच्या तोंडासमोर सांगाचं होतं.

एकूण अडुसष्ट टक्के. फिजिक्सच्या लेखीत शेचाळीस.

मी विचारलं, "सर, दुसरी उत्तरपत्रिका देल्ली तवा वेळ किती राह्यला होता?" ते म्हणाले, "दीड तास. दीड तासात शेचाळीस आणले पोरीनं. हातातली सोडवलेली काढून घेतली होती, नाईतर साठच्या खाली आली नसती." मंग माह्याकडे पाहून त्यायले समजलं, कोणापुढे बोलून राह्यले.

मी निलंबित आहो. चौकशी चालू आहे. तुह्या आईसोबत तेंदूपत्ता तोडाले जातो. तिथी लोक भेटतात. ज्यायच्या पोरायले मी चिठ्ठ्या पोचवल्या ते आता रस्ता बदलतात, ते ठीक आहे. पण काही लोक म्हणतात, "गुणवंतभाऊ, मानलं तुमाले. पोरीसाठी नोकरी लावली पणाले. हिंमत लागते." परवा बौद्ध विहारात एकानं साऱ्यायसमोर माहं कौतुक केलं. मले तिथी उठून सांगाचं होतं की बाबा हो, हिंमत पोरीची होती, मी दीड महिना घरी बसून होतो. उठलो नाई. टाळ्या झाल्या अन् मी हात जोडले. म्हणजे अजून गेलं नाई माहं.

पुढच्या आठवड्यात विहारात जाऊन सांगतो म्हणतो. सांगतलं तर कळवीन. नाई सांगतलं तरी कळवीन.

बाबा


४ ऑगस्ट

चंचल,

तुले जाऊन तीन दिवस झाले. हे पत्र तुह्या कृषी कॉलेजच्या नव्या होस्टेलच्या पत्त्यावर पहिलंच.

विहारात सांगतलं. जूनमध्येच. एक म्हातारी बाई तेवढी म्हणाली, "बरं केलं सांगतलं." तुले तवा कळवलं नाई, कारण कळवलं असतं तर तुह्याकडून शाबासकी मागतल्यासारखं झालं असतं. आता तू येऊन गेली म्हणून लिहितो.

तू कागदपत्रं घ्याले दोन तासासाठी आली. पाच महिन्यांनी घरात तुहा आवाज ऐकला. मी बाहेर पडवीत बसलो होतो, आत यावं की नाई कळत नव्हतं. आत तुही आई तुले म्हणत होती, "माय, माह्या हातानं चूक झाली." तू म्हटलं, "आई, तुले कुठी माहीत होतं?" मी बाहेर कोंबड्यायले हाकलत बसलो.

जेवण झालं. तू होस्टेलचा फॉर्म काढला. पालकाची सही लागत होती. बारा वर्षं तुह्या साऱ्या फॉर्मवर माही सही राह्यली. पहिलीत नाव टाकलं तवाची, दहावीची, बारावीच्या परीक्षेच्या फॉर्मचीही. माहा हात खिशातल्या पेनाकडे गेला. तू फॉर्म आईसमोर ठेवला.

तुही आई म्हणाली, "मले कुठी येते वो, यायले दे ना." तू म्हटलं, "येते. हळूहळू लिही." ती चटईवर पालथी झाली अन् एकेक अक्षर काढाले लागली. "ललिता" लिहाले तिले एवढा वेळ लागला की तू तिच्या पाठीवर हात ठेवून बसली. मी दारात उभा राहून पाह्यलं. या खेपेस कुठी गेलो नाई.

तू बरोबर केलं. हे मी मन मोठं करून नाई लिहून राह्यलो. मले लागलं. तरीही बरोबर केलं.

फाट्यावर पिशवी घेऊन मी तुह्या मागं मागं आलो. दोन्हीकडे बांध्यायमध्ये रोवणी चालू होती, बाया गात होत्या. बस दिसली तवा तू माह्याकडे तोंड केलं अन् म्हणाली, "बाबा, मले अजून राग आहे."

मी म्हटलं, "राहू दे."

"किती दिवस राहील, माहीत नाई."

"राहू दे," मी म्हटलं.

तू पिशवी घेतली अन् चढली. खिडकीची जागा भेटली होती, पण बाहेर पाह्यलं नाई. बस वळेपर्यंत मी उभा होतो. घरी आलो तर तुही आई म्हणाली, "का म्हणाली पोरगी?" एप्रिलपासून ती पहिल्यांदा आपणहून माह्याशी बोलली. मी सांगतलं, "राग आहे म्हणाली." ती म्हणाली, "तुमच्या तोंडावर म्हणाली?" "हो." मंग ती भांडे घासाले लागली अन् घासता घासता म्हणाली, "मंग ठीक आहे."

मी त्याच्यावर तीन दिवस विचार करून राह्यलो. फेब्रुवारीत तू माह्याकडे नुसतं पाह्यलं होतं. या वेळी तू बोलली. तेवढं मले पुरते, त्याच्यापेक्षा जास्त मी मागणार नाई.

राग गेला तर लिहजो. नाई गेला तरी लिहजो.

तुहा बाबा,
गुणवंत